शनिवारची पाच मिनिटं

सर हजेरी घ्यायचे ती डोळे मिटून. हजेरीपट टेबलावर बंद, त्यावर खडू, आणि सरांची पाठ खुर्चीला टेकलेली. "हं," म्हणायचे. मग पहिल्या बाकापासून एकेक आवाज उठायचा, हजर, हजर, हजर सर. शेवटचा आवाज विरला की डोळे न उघडताच सांगायचे, "तिसऱ्या बाकावरचे खिडकीकडचे आज आलेले नाहीत. त्यांचा 'हजर' शेजाऱ्यांनी म्हटलाय. घसा वेगळा आहे."

वर्ग हसायचा. सर हसत नसत. शेजाऱ्याकडे बघून म्हणायचे, "मित्रासाठी खोटं बोललात, त्यात माया आहे, अहो. पण हजेरी हासुद्धा इतिहासच. त्यात नाही चालायचं."

दहा वर्षांच्या पोरालाही ते 'अहो' म्हणत. इतिहास शिकवताना त्यांची मराठी पुस्तकी असायची, इस्त्री केल्यासारखी. पण एखादा राजा किंवा सरदार मूर्खासारखा वागला की इस्त्री मोडायची. पानिपतच्या धड्याला तर त्यांनी टेबलावर हात आपटला होता. "मेल्यांनो, बायकापोरां घेवन कोण लढाईक जाता?" भिंतीपलीकडे मी गणित शिकवत होते. माझ्या वर्गातली मुलंसुद्धा आपलंच काही चुकल्यासारखी मान खाली घालून बसली.

आणि त्यांची छत्री. आमची शाळा बंदराच्या गावात एका टेंबावर, म्हणजे लहानशा टेकडीवर होती. टेंब चढताना सरांची छत्री मिटलेली आणि उतरताना उघडलेली असे. उन्हापावसाशी तिचा काही संबंध नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "उतरताना माणूस घाईत असतो, बाई. छत्री वारा धरते. वारा आपल्याला धरतो."

मी तिथे लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. इन्सुलीहून एक ट्रंक आणि वळकटी घेऊन आलेली, शाळेतली पहिली आणि एकटी शिक्षिका. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "चला, शाळा दाखवतो." मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. दोन तास लागले. चिऱ्याच्या भिंतीवर ते हात फिरवत चालले होते, गाईच्या पाठीवर फिरवावा तसा. विहिरीपाशी थांबून म्हणाले, नवीन मूल पहिल्या दिवशी इथे पाय धुऊन मगच वर्गात जातं, मग ते कुणाचंही असो. मागच्या अंगणात माडांची रांग होती. मॅट्रिकचा वर्ग शाळा सोडताना एक माड लावून जायचा. सर त्या माडांना वर्गांप्रमाणे ओळखत. "हा वर्ग हुशार होता, पण भांडकुदळ. बघा, झाप कसे एकमेकांत अडकलेत. हा दुसरा सगळा मुंबईला गेला. समुद्राकडे कललाय."

ह्या माडांखालून समुद्र दिसायचा. दुपारी मुंबईची आगबोट बाहेर उभी राहिली की पांढऱ्या उन्हात ती तरंगते आहे की हवेत टांगली आहे, कळत नसे. त्या गावातली माझी पहिली वर्षं मला आता तशीच आठवतात. थोडी हवेत टांगलेली, कडा नसलेली.

"आणि शाळा सुरू कुठे झाली?" मी विचारलं. "इथेच?"

सर थांबले. "गावात. एका घरात," म्हणाले. मग छत्री उघडली आणि टेंब उतरून गेले.

शाळेच्या सगळ्या प्रथांमध्ये सर्वांत जुनी होती ती शनिवारची. शनिवारी सकाळची शाळा. सुटायच्या आधी पाच मिनिटं सगळी शाळा गप्प बसायची. पुस्तकं मिटलेली, खडू खाली. घंटेजवळचा शिपाईसुद्धा पायरीवर बसून राहायचा. मुलांना त्याचं नवल नव्हतं. त्यांचे बापही असेच बसले होते. शाळेच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं असायचं, 'मनाच्या एकाग्रतेसाठी संस्थापकांनी घालून दिलेली प्रथा.'

मला ती पाच मिनिटं फार आवडायची. आधी पाय हलवल्याचे, बाक करकरल्याचे आवाज यायचे, मग तेही थांबायचे. मग माडांच्या झापांची सळसळ, आणि तिच्याखाली समुद्र. असं वाटायचं की आता काहीतरी सुरू होणार आहे. कुणीतरी श्वास घेतला आहे आणि आता तो सोडणार. पण काहीच सुरू व्हायचं नाही. घंटा व्हायची, आणि पोरं ओरडत टेंबावरून खाली सुटायची.

त्या वेळात सर कधी वर्गात बसत नसत. पडवीच्या खांबाला टेकून उभे राहायचे, आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं खांबावर हलत राहायची. हळू, मग थोडी जलद, मग हळू. म्हातारपणाची सवय असेल, असं मी धरून चालले होते.

शाळेला पन्नास वर्षं व्हायची होती, आणि सरांना साठ. त्याच वर्षी ते निवृत्त होणार होते. हेडमास्तरांनी शाळेचा इतिहास लिहायचं काम त्यांच्याकडे दिलं. हेडमास्तर चांगला माणूस होता. फक्त गावातल्या चार मोठ्या माणसांनी एकदम भुवया वर केल्या की त्यांना ताप भरल्यासारखं व्हायचं. ते म्हणाले, "पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा इतिहास तुम्हीच लिहिला होता. त्यालाच पुढची पंचवीस जोडा. बाईंचं अक्षर सुंदर आहे. त्या छापखान्यासाठी स्वच्छ प्रत करतील."

मग माघ-फाल्गुनात रोज शाळा सुटल्यावर आम्ही दोघं पडवीत बसायचो. सर डोळे मिटून सांगायचे, मी लिहून घ्यायची. खालच्या वाडीत सुरंगी फुलली होती. तिचा वास वर चढून यायचा आणि डोळ्यांवर झापड यायची. सर मध्येच गप्प झाले तर मला कळायचंही नाही. अशी दहा पानं झाली. संस्थापक चौघे, त्यांची तळमळ, पहिला वर्ग, सगळं जुन्या पुस्तिकेतलंच. अकराव्या पानाला सर म्हणाले, "हे नवीन आहे. सावकाश लिहा."

आणि त्यांनी सांगितलं. मला आठवतं तसं सांगते.

शाळा सुरू झाली ती देवळाच्या मागच्या आळीत, आवडाबाईंच्या घरात. आवडाबाई देवळात गाण्याची सेवा करणाऱ्यांपैकी. त्या आळीच्या बायकांची लग्नं होत नसत, आणि दिवसाउजेडी गावातली सभ्य माणसं त्या आळीतून जात नसत. चौघा संस्थापकांना अख्ख्या गावात कुणी जागा दिली नाही. इंग्रजी शिकून पोरं बाटतील म्हणून लोक घाबरले होते. तेव्हा ह्या बाईने आपल्या घरातल्या चार खोल्या मोकळ्या केल्या आणि स्वतः मागच्या पडवीत राहायला गेली. तीन वर्षं शाळा तिथे भरली. पोरांना तहान लागली की पाणी ती द्यायची, कुणी उपाशी आला तर पेज वाढायची. शनिवारी देवळातली पाळी तिची असे. दुपारच्या पूजेला जायच्या आधी ती मागच्या पडवीत बसून गळा तापवायची. पहिल्या शनिवारी मास्तरांनी शिकवणं थांबवलं. कारण कुणाचंच लक्ष धड्यात नव्हतं, मास्तरांचंही. दुसऱ्या शनिवारी त्यांनी आधीच पुस्तक मिटलं. पाच मिनिटं. मग ती उठून देवळात जायची आणि शाळा सुटायची.

"म्हणजे आपण..." मी बोलून गेले.

"पन्नास वर्षं आपण गाणं ऐकायला बसतोय, बाई," सर म्हणाले. "गाणारीण तेवढी नाही."

टेंबावरची इमारत झाली तशी शाळा एका सकाळी तिथून हलली. चांगल्या घरची पोरं यायची तर त्या आळीचं नाव शाळेला चिकटलेलं नको, असं ठरलं होतं. बाक, टेबल, नकाशे, सगळं पोरांनीच वाहून नेलं. पोरांना ताकीद होती, बाईशी बोलायचं नाही. फळा उचललेल्या दोघांत सर होते. तेरा वर्षांचे. दारात आवडाबाई उभी होती. तिने विचारलं, "खंय चल्लास रे सगळे?"

सर डोळे मिटून बसले होते. खांबावर नाही, गुडघ्यावर त्यांची बोटं अगदी स्थिर होती.

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय नाय. फळो जड होतो. तसोच गेलंय."

त्या दिवशी मी ते पान घरी नेऊन त्याची स्वच्छ प्रत केली आणि हेडमास्तरांकडे दिली. माझ्या आयुष्यात मी त्याहून चांगलं अक्षर काढलेलं नाही.

दोन दिवसांनी हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. त्यांच्यासमोर ते पान होतं. "बाई, तुम्ही समजूतदार आहात," ते म्हणाले. "खरं-खोटं मी म्हणत नाही. पण समारंभाला मुंबईहून मंडळी येणार, शिक्षणखात्याचे साहेब येणार. आत्ता कुठे लोक मुली पाठवायला लागलेत. हे पान वाचून उद्या चार मुली कमी झाल्या तर?" मग हळू आवाजात, "तुमचीही अजून नेमणूक कायम व्हायची आहे. सरांना मी सांगतो."

त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. अकरावं पान काढलं, बाराव्यावर अकरा आकडा घातला आणि गठ्ठा छापखान्यात गेला.

पुस्तिका छापून आल्या त्या सुंभाने बांधलेल्या गठ्ठ्यात. पहिली प्रत सरांना दिली. ते पडवीत उभे राहून पानं उलटत गेले. एके ठिकाणी थांबले, एक पान मागे गेले, एक पुढे. मी वर्गाच्या दारातून बघत होते. त्यांनी पुस्तिका मिटून काखेत धरली आणि माझ्याकडे आले.

"पान काढताना हात थरथरला होता का, बाई?"

"हो."

"मग तुमचं बरं आहे," सर म्हणाले. "पंचवीस वर्षांपूर्वी मी ते एकाग्रतेचं वाक्य लिहिलं तेव्हा माझा नव्हता थरथरला. उलट शब्द छान जमला म्हणून आनंद झाला होता."

एवढंच. रागावले असते तर मला सोसलं असतं. त्या रात्री मी उपाशी झोपले.

समारंभ शाळेच्या अंगणात, माडांखाली झाला. मुंबईहून आगबोटीने माजी विद्यार्थी आले होते. काही जण तर आयुष्यात पहिल्यांदा परत आलेले. विहिरीचं पाणी पिऊन बघत होते, आपापला माड शोधत होते. संध्याकाळचं सोनेरी ऊन झापांतून गळत होतं. भाषणं झाली. चौघा संस्थापकांच्या तसबिरींना हार घातले. सर्वांत जुने शिक्षक म्हणून सरांना आभाराचे दोन शब्द बोलायचे होते.

ते उभे राहिले. पुस्तिका हातात होती, ती त्यांनी टेबलावर ठेवली.

"आज शनिवार नाही," ते म्हणाले, "पण आपण पाच मिनिटं गप्प बसू."

जुन्या विद्यार्थ्यांना ते फार आवडलं. हसत हसत सगळे सावरून बसले. मग शांत झालं. झापांची सळसळ, आणि समुद्र. मला ते माहीत असलेलं वाटणं पुन्हा वाटलं, की कुणीतरी श्वास घेतलाय.

आणि सर गायला लागले.

त्यांना गळा नव्हता. आवाज फाटका, वर जाताना तुटणारा. शब्दही नव्हते, नुसते सूर. पहिल्या रांगेतले साहेब हेडमास्तरांकडे बघू लागले. मागे पोरं खुसखुसली. हेडमास्तर अर्धवट उठले आणि तसेच राहिले. सर मध्येच थांबले. "ह्यां गाणा आवडाबाईचा," ते म्हणाले. सभेत मालवणी बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकत होते. "तिच्या घरात आमची शाळा होती. तीन वर्सां. तिचा पाणी पिऊन आमी शिकलो आणि तिका न सांगता उठान इलो. पुस्तकात तां नाय. मीच तेव्हा लिवक नाय. म्हणान आता सांगतंय."

असं वाटत होतं की आता हेडमास्तर पुढे होऊन कार्यक्रम संपवतील, आणि म्हाताऱ्याला भ्रम झालाय असं गावात ठरून जाईल. सरांना तेच होऊ द्यायचं होतं की काय, कुणास ठाऊक. ते नुसते उभे होते.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून काठीचा आवाज आला. एक वृद्ध गृहस्थ उठत होते. काळा कोट, डोक्यावर टोपी, हात कापणारे. मुंबईत कुठल्याशा ऑफिसात जन्म काढून निवृत्त झालेले, सरांच्याही पुढच्या इयत्तेतले.

"दुसरी ओळ चुकलंस रे," ते म्हणाले.

सर बघत राहिले.

"दुसरी ओळ वर जाता. खाली नाय." आणि काठीवर दोन्ही हात ठेवून त्या गृहस्थांनी ती म्हणून दाखवली. त्यांचा आवाज सरांच्याहून बरा होता. ओळ खरंच वर गेली आणि तिथे थोडी थांबली, झोपाळा उंच जाऊन क्षणभर थांबतो तशी. "मी रोज मनात म्हणतंय," ते म्हणाले. "बायलेक पण कधी सांगूक नाय, खंय ऐकलंय ता."

ते बसले. आणखी एक-दोन म्हाताऱ्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मग सरांनी आभार मानले, पुस्तकी मराठीत, अगदी नीट. साहेबांचे, मुंबईच्या मंडळींचे, हेडमास्तरांचे.

त्यानंतर मोठं असं काही झालं नाही. कुणी सरांना जाब विचारला नाही. फक्त त्यांचा निरोपसमारंभ उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे राहून गेला, आणि सुट्टीनंतर त्याची कुणाला आठवण झाली नाही. ती पुस्तिका तशीच वाटली गेली.

त्या सुट्टीतल्या एका सकाळी ते मला बाजारात भेटले. देवळामागच्या आळीतून येत होते. छत्री उघडी होती, रस्ता सपाट होता तरी.

"तिच्या मुलीकडे गेलो होतो," ते म्हणाले. "आवडाबाई जाऊन वीस वर्षं झाली. मुलगी आहे, नात आहे. जे सभेत बोललो ते तिला तोंडावर सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, पन्नास वर्सांनी आता कित्याक इलास?"

"मग?"

"मग काय. बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तिने चहा दिला." थोडं थांबून म्हणाले, "उद्या परत जाईन."

ते रोज जात होते, हे मला नंतर इतरांकडून कळलं. गावात थोडी कुजबुज झाली. सरांनी ती ऐकली नसेल असं नाही. त्यांचे कान फार तिखट होते.

जूनमध्ये शाळा उघडली. नवीन नावं घालायचं काम माझ्याकडे होतं. हेडमास्तर शेजारी बसून पालकांना विचारायचे आणि मी रजिस्टरमध्ये लिहायची. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा दारात एक बाई उभी राहिली. चाळिशीची, नऊवारी नेसलेली, ताठ. तिच्याबरोबर दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. मुलीचे पाय ओले होते, विहिरीवर धुऊन आलेले. हेडमास्तरांनी बाईला ओळखलं. मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

"बसा," ते म्हणाले. बाई बसली नाही.

"मुलीचं नाव?"

"कुसुम."

"वडिलांचं नाव?"

"तां नाय," बाई म्हणाली. आवाज खाली आला नाही, वरही गेला नाही. "आजयेचां घाला. आमच्यात आजयेचां लावतत. कुसुम आवडाबाई."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत हुकूम नव्हता. थोडा वेळ मिळावा एवढंच मागणं होतं. विचारून सांगतो, उद्या या, असलं काहीतरी त्यांच्या ओठांवर येत होतं. माझी नेमणूक तेव्हाही कायम झालेली नव्हती. मी टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं. हात थरथरला, पण अक्षर बरं आलं.

मुलगी टेबलाशी सरकून बघत होती. "ह्यां माझां?" तिने विचारलं.

"हो."

तिने नावावर बोट ठेवलं. शाई ओली होती. शेवटच्या अक्षराचं शेपूट पुसट झालं. हेडमास्तरांनी टिपकागद पुढे केला. पुढच्या वर्षभरात त्या नावावर ते कधी बोलले नाहीत, आणि माझी नेमणूक त्यांनीच कायम केली. हेही त्यांच्याबद्दल सांगायला हवं.

मी मुलीला वर्ग दाखवायला बाहेर आले तर सर पायरीवर बसलेले. त्या दोघींना टेंबापर्यंत घेऊन तेच आले होते, पण आत आले नव्हते. चपला काढून त्यातली वाळू झाडत होते.

"झालां?" त्यांनी बाईला विचारलं.

"झालां. आवशीचां नाव घातलां."

"बरां," सर म्हणाले.

पुढे काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले. एखादी टिप्पणी, एखादा राजा, निदान मुलीला एखादं 'अहो'. ते चपला पायांत घालायला वाकले, आणि एका हाताने पायरीचा चिरा धरून, हळूहळू उठले. ते थकले आहेत, हे त्या दुपारी मला पहिल्यांदा दिसलं.